टोन लाकडात की पाकिटात? गिटार घेण्याआधीचा हिशेब

‘बॉडी एल्डरची घेऊ की ॲशची?’ ‘रोझवूडचा फ्रेटबोर्ड गोड वाजतो आणि मेपलचा कडक, हे खरं का?’ ‘हाडाचा नट बसवला तर आस वाढेल का?’ गिटार घ्यायला निघालेले वाचक हे प्रश्न इतक्या कळकळीनं विचारतात, की उत्तर देणाऱ्याला आपण लाकडाच्या वखारीत बसलोय असं वाटू लागतं. त्यांना उलट विचारावं, ‘तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या?’, तर समोर शांतता. आमटी बिघडली की मीठ चाखून बघण्याऐवजी पातेलं कुठल्या धातूचं होतं याची चौकशी करावी, तसा हा प्रकार.

मीही या पंथात होतो. एकदा जुन्या बनावटीचा महागडा कपॅसिटर मागवून गिटारच्या टोन नॉबला लावून घेतला आणि महिनाभर भेटेल त्याला ‘मिड्स काय गोड उघडलेत’ म्हणून सांगत फिरलो. पुढं दुसऱ्याच कामासाठी गिटार उघडली, तेव्हा दिसलं की कपॅसिटरची एक तार सोल्डरच झालेली नव्हती. टोनचा नॉब मी कायम दहावर ठेवत असल्यामुळे तो चालत नाही, हेही लक्षात आलं नव्हतं. त्या महिन्यात काही उघडलं असेल तर ते माझं पाकीट.

तुमचं पाकीट कुठं उघडावं आणि कुठं गच्च मिटून ठेवावं, एवढंच इथं सांगायचं आहे.

पहिली पायरी: गिटार कुठली, ते ठरवा

लाकडाचा प्रश्न अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक गिटारला एकाच दमात विचारू नका. दोघींचं आवाज काढण्याचं तंत्र वेगळं आहे.

- अकूस्टिक: तारेचं कंपन ब्रिजवाटे वरच्या फळीत उतरतं, फळी हवा हलवते, तो आवाज तुमच्या कानी येतो. इथं लाकूड स्वतः वाजतं.
- इलेक्ट्रिक: तारेखालचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती ॲम्पकडे जाते. पिकअपला लाकूड ‘दिसत’ नाही. खात्री करायची तर इलेक्ट्रिक गिटारवर नायलॉनची तार चढवून बघा. लाकूड तेच, हात तेच, पण ॲम्प मख्ख.

बॉडीचा तारेच्या कंपनावर थोडा परिणाम होऊ शकतो, हे मान्य. पण तो परिणाम पिकअप, नॉब, केबल, ॲम्प आणि स्पीकर यांच्या गर्दीतून वाट काढत कानापर्यंत पोचायला हवा. आणि लाखभराच्या महोगनीचा आवाज शेवटी बाहेर पडतो तो बहुधा स्पीकरच्या कागदी पडद्यातून.

इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनी लाकडाची धास्ती का घेऊ नये

दुकानदार ‘सर, टोनवूड आहे’ म्हणाला, की ही चार उदाहरणं आठवा.

- बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. रिकनबॅकर कंपनीची ही गिटार १९३२ साली विक्रीला आली आणि तिच्या आकारावरून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा वंशवृक्ष ज्या मुळापासून सुरू होतो, तिथं वृक्षच नाही.
- १९४०च्या सुमारास गिटारवादक लेस पॉल यांनी चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्याला नेक आणि पिकअप लावले. ओंडका पाहून लोकांना गिटार वाटेना, म्हणून त्यांनी एक साधी गिटार उभी चिरून तिचे दोन भाग बाजूंना जोडले. आवाज ओंडक्यातून येत होता. बाजूचे भाग प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी होते.
- १९५०च्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनीनं हार्डबोर्डच्या गिटारी काढल्या. पिकअपची वेष्टणं लिपस्टिकच्या नळ्यांची. त्यांतलीच एक पुढं लेड झेपेलिन बँडच्या जिमी पेजच्या हातात दिसली.
- क्वीन बँडच्या ब्रायन मेनं १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. ही गिटार स्टेडियमं भरून वाजली.

अमेरिकेतल्या जिम लिल नावाच्या वादकानं तर बॉडी आणि नेक दोन्ही काढून टाकले, दोन बेंचांच्या मध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप धरला आणि रेकॉर्ड केलं. आवाज ओळखीचा, इलेक्ट्रिक गिटारचाच आला. लाकडाची कमतरता बेंचांनी भरून काढली असं कुणी म्हणालं, तर पुढच्या वेळी त्याला दुकानातून बेंच घ्यायला सांगा.

अकूस्टिक घेणाऱ्यांनी काय बघावं

इथं लाकडाला मान द्या, पण कोणत्या लाकडाला ते नीट ठरवा. आवाजाचा मुख्य भार वरच्या फळीवर आणि तिच्या आतल्या पट्ट्यांच्या रचनेवर असतो. स्पेनचे नामांकित गिटारकार आंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून, वर मात्र उत्तम स्प्रूसची फळी बसवून एक गिटार बनवली. मुद्दा सिद्ध करायला त्यांनी व्याख्यान दिलं नाही, वाद्य दिलं.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासात एकाच रचनेच्या सहा गिटारी केल्या, फक्त पाठ आणि बाजूंची लाकडं वेगवेगळी ठेवली. त्यांत ब्राझिली रोझवूड होतं, भारतीय रोझवूड होतं, महोगनीही होतं. गिटार दिसणार नाही अशी व्यवस्था करून ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या. आवाजाला दिलेले गुण सगळ्यांना जवळपास सारखेच पडले.

म्हणून दुकानात या क्रमानं तपासा:

1. टॉप सॉलिड आहे का? मधल्या भोकाची कड जवळून बघा. वरच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरत असतील तर फळी सॉलिड. कडेला थर दिसले तर प्लाय.
2. पाठ आणि बाजू कसल्या आहेत? कमी पैशांत लॅमिनेट, म्हणजे प्लाय, असतील तर बिचकू नका. दमट हवेत लॅमिनेट उलट कमी कुरकुरतं.
3. ब्रिजच्या मागं फुगवटा आहे का? असेल तर लाकूड रोझवूडचं असो नाहीतर चंदनाचं, ती गिटार परत टांगून ठेवा.

मिरजेचा धडा: तार टेकते कुठं ते बघा

मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांना भोपळ्याची आणि तुणीच्या लाकडाची पारख असतेच, पण तानपुरा बोलका होतो तो जवारी लागल्यावर. घोडीचा माथा केसभर घासला आणि तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, की तेच वाद्य वेगळं वाजतं. लाकूड बदललेलं नसतं, बदललेली असते ती तार टेकण्याची जागा.

गिटारची जवारी म्हणजे सेटअप. नेकचा बाक, तारांची फ्रेटपासूनची उंची, नटच्या खाचा, फ्रेटची समपातळी आणि वरच्या फ्रेटवर सूर बरोबर लागतो का, हे सगळं त्यात येतं. साध्या गिटारचा चांगला सेटअप करून घ्या आणि ती सेटअप न केलेल्या महागड्या गिटारशेजारी ठेवा. हातात कुठली घ्यावीशी वाटते, ते बोटंच सांगतील.

पैसे कुठं घालावेत: वरून खाली

1. हात. ब्रिजजवळ छेडलं तर धारदार, नेकजवळ छेडलं तर गोल. एवढा मोठा फरक फुकट मिळतो आणि म्हणूनच बहुधा कुणाला नको असतो.
2. नव्या तारा. आवाज मेला असं वाटलं की आधी तारा बदला. जाडी बदलून बघा. इलेक्ट्रिकला ९ किंवा १० चा सेट नेहमीचा.
3. पिक. पातळ आणि जाड पिकचा फरक नवशिक्याच्याही कानाला कळतो. तार जिथं थेट छेडली जाते, तिथं वस्तूला किंमत आहे. ब्रायन मे तर सिक्सपेन्सच्या नाण्यानं वाजवतो.
4. सेटअप. वर सांगितलाच आहे.
5. पिकअपची उंची. एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. जवळ आणलं की आवाज मोठा. फार जवळ आणलं की चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो.
6. ॲम्प आणि स्पीकर. इलेक्ट्रिकवाल्यांनी बजेटचा मोठा वाटा गिटारला देऊन ॲम्पला उरलेसुरले पैसे देऊ नयेत.
7. पिकअप बदलणं. वरचं सगळं करून झाल्यावर. सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला साधारण २५० किलोओमचे आणि हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला ५०० चे पॉट (नॉबखालचे नियंत्रक) लागतात. पिकअप बदलताना हे विसरलात तर दोष पिकअपला देत बसाल.

पैसे कुठं घालू नयेत

- हाडाचा नट, म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, ‘टोनसाठी’. तुम्ही बोट फ्रेटवर दाबलं की वाजणारी तार नटपर्यंत पोचतच नाही. नटच्या मालाचा काही संबंध असेल तर तो फक्त मोकळ्या तारांपुरता. खाचा नीट कापलेल्या असणं मात्र महत्त्वाचं, नाहीतर सूर टिकत नाही. शाकाहारी वाचकांनी निर्धास्त असावं, कृत्रिम नट उत्तम चालतात.
- बाण छापलेली केबल. गिटारचा सिग्नल सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो. बाण पाहून तो थबकत नाही. केबलचा खरा दोष लांबीत आहे. फार लांब केबल तीव्र सूर खाते, म्हणून गरजेपुरतीच लांब घ्या आणि टोकांचे जोड मजबूत बघा.
- ‘श्वास घेणारं’ पॉलिश. नायट्रो लॅकर दिसायला सुंदर असतं. पण लाकूड श्वास घेतं या आशेवर जादा पैसे देऊ नका. ते झाड तोडलं त्या दिवशीच वारलं.
- रेलिक. म्हणजे कारखान्यातच मुद्दाम खरवडून जुनी केलेली गिटार. पोचे आलेलं पातेलं आपण मोडीत घालतो आणि पोचे आलेली गिटार जादा पैसे मोजून घेतो. आवडली तर जरूर घ्या, फक्त घरच्यांना कारण नीट सांगा.

दुकानातली भाषा: छोटा शब्दकोश

- वॉर्म: तीव्र सूर कमी आहेत.
- ब्राइट: तीव्र सूर जास्त आहेत.
- वुडी: गिटार लाकडाची आहे.
- ओपन-अप होईल: आत्ता आवडत नसेल तर दहा वर्षं थांबा. त्यातून एक खरी गोष्ट एवढीच, की दहा वर्षांत तुमचा हात सुधारेल.
- आर्टिस्ट सिरीज: सही आहे, हात वेगळा विकत मिळत नाही.

खरंच फरक ऐकू येतो का? घरची परीक्षा

वादाला वेळ घालवण्यापेक्षा एका मित्राला चहा पाजा आणि हे करा.

1. दोन्ही गिटारींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा चढवा.
2. ॲम्प एकच. नॉब हलवायचे नाहीत.
3. दोन्हींचा आवाज सारखा मोठा येईल असं बघा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, अर्धे वाद इथंच मिटतात.
4. तुम्ही पाठ फिरवून बसा. मित्रानं नाणं उडवून कुठली वाजवायची ते ठरवावं आणि प्रत्येक वेळी तीच ओळ वाजवावी.
5. असं दहा वेळा करा आणि उत्तरं कागदावर लिहा.

दहापैकी पाच-सहा बरोबर आली तर ते नाण्यालाही जमलं असतं. नुसत्या अंदाजानं नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता साधारण शंभरात एक. तेवढी आली तर तुमचा कान खरोखर तयार आहे. तरी पुढचा प्रश्न उरतोच: फरक आहे, पण तो आवडतो का आणि त्याची किंमत तेवढी आहे का?

लाकूड बघाच, पण या कारणांसाठी

- वजन. महोगनीची जड गिटार चार किलोच्या पुढं सहज जाते. दुकानात पट्टा लावून पंधरा मिनिटं उभे राहा. खांदा खोटं बोलत नाही.
- नेकची स्थिरता. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. गिटार पेटीत ठेवा, सोबत आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहील असं बघा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, उन्हाळ्यात ओलावा देणारी नळी.
- रूप. सुंदर गिटार हातात घ्यावीशी वाटते आणि हातात घेतली की रियाज होतो. हे कारण पुरेसं आहे. डोळ्यांना आवडली म्हणून घ्या, फक्त डोळ्यांचं बिल कानांच्या नावावर फाडू नका.

जाता जाता एक गंमत. जगभरचे गिटारवाले ज्या ‘इंडियन रोझवूड’वर लुब्ध असतात, ती आपली शिसव. पश्चिम घाटातली, आजीच्या कपाटातली, माजघरातल्या झोपाळ्यातली. आणि स्वस्त गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेलं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, तो आपला ऐन.

बिल आणि तुमचे हक्क

‘स्वर्गीय टोन’ मिळाला नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही, कारण स्वर्गाचा नमुना कुणी पुरावा म्हणून आणू शकत नाही. पण ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ सांगून प्लाय गळ्यात मारली, तर ती वस्तुस्थितीची खोटी माहिती आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून:

- जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, टॉप सॉलिड की लॅमिनेट आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.
- ‘विकलेला माल परत घेणार नाही’ या पाटीला घाबरू नका. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.
- ऑनलाइन घेताना वस्तू कोणत्या देशात बनली ते आणि परतीच्या अटी दाखवणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पुढं जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

परदेशातून गिटार आणणाऱ्या किंवा परदेशातल्या मुलांकडे नेणाऱ्यांसाठी: २०१७ च्या सुरुवातीला रोझवूडच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आल्या होत्या. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिली रोझवूडला मात्र १९९२ पासून सर्वांत कडक बंधन आहे आणि ही सूट नाही. जुनी, महागडी गिटार असेल तर तिचं लाकूड कुठलं हे इथं खरोखर विचारा. टोनसाठी नाही, कस्टम्ससाठी.

आज संध्याकाळी काय कराल?

गिटार भिंतीवरून उतरवा. जुन्या तारा काढा, फ्रेटबोर्ड पुसा, नव्या चढवा, सूर लावा आणि अर्धा तास वाजवा. त्यानंतरही आवाज आवडला नाही, तर सेटअपवाल्याकडे जा. त्यानंतरही आवडला नाही, तर लाकडाबद्दल बोलू.

आणि आजीच्या शिसवी कपाटाला करवत लावायचा विचार मनात आला असेल, तर थांबा. तारांचं जादा पाकीट त्यात ठेवा. पावसाळ्यात कोरडं राहील.